लष्कराच्या शेजारचं मैदान

आम्हां गोंयकारांना फुटबॉल म्हणजे पायाचा खेळ. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलात मात्र चेंडू हातानेही खेळतात. जाळ्यात गेला तर 3 गुण.

उत्तर आयर्लंडच्या सीमेवर क्रॉसमॅग्लेन नावाचं छोटंसं गाव आहे. तिथला ‘क्रॉसमॅग्लेन रेंजर्स’ हा क्लब 1887 सालचा. 1970च्या दशकात ब्रिटिश लष्कराने मैदानाला खेटून तळ उभारला, क्लबची थोडी जागाही बळकावली. खेळ चालू असताना डोक्यावर हेलिकॉप्टरं घरघरायची. (आपल्याकडे ढोलांच्या आवाजानेही सामना थांबतो!) क्लबवाले वर्षानुवर्षं भांडले, पण मैदान सोडलं नाही. 1997 ते 2012 या काळात ते 6 वेळा अखिल आयर्लंड क्लब विजेते झाले. लष्कर 2007 साली गेलं.

आणि यातल्या एकाही खेळाडूला पगार नाही. गावचा मुलगा गावासाठीच खेळतो. काहींना हा भाबडेपणा वाटेल. मला नाही वाटत. 2016 साली फेडरेशनच्या निषेधार्थ धेंपो आणि साळगावकर आय-लीगमधून बाहेर पडले. निर्णय योग्य असेलही. पण तो मालकांचा होता. पावसात भिजत सामने बघणाऱ्या आम्हांला तो दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळला.