जाळी फाटलीय, पण ऐकतंय कोण?

खिडकीची डासांची जाळी फाटली की आपल्या घरांत ठरलेली उत्तरं मिळतात : "भाड्याचं घर आहे", "पगार झाल्यावर बघू", "कारागीर मिळत नाही". तोवर भोकात कागदाचा बोळा. मला वाटतं, यात आळस कमी आणि घरात कोणाचं ऐकलं जातं हा प्रश्न जास्त आहे.

सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. मलेरियाचा डास रात्री चावतो. रात्री सगळे घरी असतात, म्हणून कॉइल आठवणीनं लागते. डेंग्यूचा एडिस डास मात्र दिवसा चावतो. सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त. दिवसभर घरात कोण असतं? बहुतेक घरांत अम्मी, दादी, भाभी आणि लहान मुलं. खर्चाचा निर्णय घेणारे बाहेर असतात. म्हणून अम्मीची तक्रार महिनोन्‌महिने तक्रारच राहते.

आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात मी आणि धाकट्या भावानं जाळी बदलली. ॲल्युमिनियमची फ्रेम काढून आडवी ठेवायची. खाचेतली रबराची दोरी स्क्रूड्रायव्हरनं उचकटायची. फायबरग्लासची नवी जाळी चारही बाजूंनी दोन इंच जास्त ठेवून कापायची आणि रबर रोलरनं खाचेत दाबत न्यायचं. जाळी ताठ हवी, पण फ्रेम वाकेल इतकी ओढायची नाही. उरलेली कड कटरनं कापली की झालं. दुकानात इंचाला 18 बाय 16 घरांची जाळी मागा. "हे मुलींचं काम नाही" असं कोणी म्हणालंच, तर रोलर त्यांच्या हातात द्या.

जाळीनं सगळं सुटत नाही, हे खरं. नळाला रोज पाणी येत नाही तिथे पिंपं भरून ठेवावी लागतात आणि एडिस अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पिंपाला घट्ट झाकण हवं, आठवड्याला ते रिकामं करून घासायला हवं. रोज पाणी मिळावं यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्जही द्यायला हवा. तो आपला हक्क आहे. पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत खिडकीतलं भोक उघडं ठेवायचं कारण नाही.

घर भाड्याचं असलं तरी ताप आपल्याच माणसांना येतो. दोस्तांनो, या रविवारी घरातल्या बायकांना विचारा, कुठली जाळी फाटलीय. आणि उत्तर मिळालं की "बघू" म्हणू नका.