बोअर आटतंय, हे कुणाला ठाऊक नाही?



गावातले पाणी खाली चालले, हे कुणाला सांगावे लागते काय? पहिल्याला दोनशे फुटांवर लागले, दुसऱ्याने तीनशेवर घेतले, तिसऱ्याने पाचशेवर. आटणार हे तिघांनाही ठाऊक होते. ‘मी थांबलो तर शेजारी उपसणारच’, असे म्हणत तिघेही उपसत राहिले. तेलाचे आणि हवामानाचे जगात आज नेमके हेच चालले आहे.

मुंबईच्या समुद्रातले ‘मुंबई हाय’ १९७४ साली सापडले, १९७६ साली तेल निघू लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्पादनाने कळस गाठला, मग उतरण लागली. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. तेल उद्या संपेल असे आम्ही म्हणत नाही. पण वरचे, सोपे, स्वस्त तेल आधी संपते. खालचे महाग पडते. आमची नांगरट, मळणी, जिनिंगपर्यंतची कापसाची गाडी याच बोअरवर चालते. युरियासुद्धा जमिनीतल्या वायूपासूनच होतो.

हवेचा हिशेबही उघडा आहे. १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली तो ४२० च्या वर गेला. १९९२ साली सरकारे रिओला जमली, २०१५ साली पॅरिसला. करार झाले, धूर वाढतच गेला. हे अज्ञान नव्हे. खर्च आजच्या खिशातून जातो, फायदा उद्याच्या पोरांना; आणि ती पोरे आज मतदान करीत नाहीत!

‘अमेरिकेतला माणूस आमच्या सहा-सातपट धूर करतो, मग आम्ही का भोगायचे?’ सवाल खरा आहे, तो विचारलाच पाहिजे. पण पाऊस काही धुराचा सातबारा पाहून पडत नाही. वेचणीला आलेला कापूस भिजतो तो आमचा. कणसातली ज्वारी काळी पडते ती आमची. वाट पाहणे त्यांना परवडते, कोरडवाहूवाल्याला नाही.

आणि आम्ही तरी कुठे सुटलो? पऱ्हाट्या धुऱ्यावर पेटवतो, शेणखत सोडून युरियाची पोती मोजतो, आणि पारावर बसून म्हणतो, ‘सरकार बघेल.’ सरकार आपणहून बघत नसते, त्याला बघायला लावावे लागते.

म्हणून या मेळाव्यात तीन गोष्टी ठणकावून मागू. पंपाला दिवसा सौर वीज. गावोगाव पऱ्हाटी कुटण्याचे यंत्र. कमी पाण्यात येणाऱ्या ज्वारीला परवडेल असा भाव. आणि एक गोष्ट स्वतःकडून घेऊ: यंदा पऱ्हाटी जाळायची नाही, कुटून मातीत घालायची.

शेजारी थांबेल तेव्हा आपण थांबू म्हणणाऱ्यांचे बोअर एकाच उन्हाळ्यात कोरडे पडतात. भावांनो, आधी आपण हात वर करू.