सेरेंगेटीला जा, पण क्रॉसिंगची गॅरंटी मागू नका

आमच्या भिशीतल्या चार कुटुंबांनी आफ्रिकेला जायचं ठरवलंय. एक मास्तर, एक डॉक्टर, एक कृषी केंद्रवाला आणि मी. पाच वर्षं दर महिन्याला बाजूला टाकलेले पैसे आहेत, त्यामुळे कुणी "पत्रकारांची मजा आहे बुवा" असं म्हणू नये. जायचं कुठं, तर टांझानियातल्या सेरेंगेटीला. हे दहा मिनिटांत ठरलं. भांडण मात्र तीन रविवार चालू आहे, आणि ते एकाच शब्दावरून आहे. क्रॉसिंग.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सेरेंगेटीत विल्डबीस्ट नावाचा प्राणी आहे. गायीसारखं अंग, घोड्यासारखी शेपटी, बोकडासारखी दाढी. हे बारा लाखांहून जास्त प्राणी, सोबत झेब्रे आणि हरणं, वर्षभर पाऊस आणि गवताच्या मागं फिरत राहतात. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान ते उत्तरेला मारा नदी ओलांडतात. नदीत मगरी. टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलेलं दृश्य ते हेच. पॅकेजच्या प्रत्येक जाहिरातीत तोच फोटो असतो, आणि फोनवरचा टूरवाला सांगतो, "सर, ऑगस्टमध्ये या, क्रॉसिंग पक्कं दाखवतो."

हे "पक्कं दाखवतो" आमच्या भागात नवीन नाही. आम्ही वाघाच्या गेटवर राहणारी माणसं. गेटवर पर्यटक जिप्सीत बसायच्या आधीच विचारतो, "दिसेल ना?" आणि ड्रायव्हरला "बघू" म्हणायची सोय नसते.

एक गोष्ट आजवर लिहिली नव्हती, आज लिहितो. सात-आठ वर्षांपूर्वी पुण्याचे पाहुणे घेऊन मी इकडच्याच एका गेटनं आत गेलो होतो. तीन तास काही दिसलं नाही. पाहुण्यांची तोंडं पडलेली. मग एका वळणावर वाघीण रस्त्याच्या कडेला चालताना दिसली. ड्रायव्हरनं नियमाप्रमाणं गाडी लांब थांबवली. मागून मी ओरडलो, "अरे दादा, घे ना थोडी पुढं, आपलीच माणसं आहेत." त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि गाडी पुढं घेतली. वाघीण वळली, गुरगुरली, झाडीत गेली. मागच्या गाडीतल्या कुणीतरी फोटो काढून तक्रार केली. त्याला महिनाभर गेटवर नंबर मिळाला नाही. ऐन हंगामात. मला काहीच झालं नाही. मी तर दुसऱ्या दिवशी पेपरात पर्यटन वाढल्याची बातमी दिली. तो आजही भेटला की "नमस्कार भाऊ" म्हणतो, त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाही.

म्हणून ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्हीकडून कोंडलं, त्याचा व्हिडिओ आला, नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा सगळे ड्रायव्हर आणि गाईडवर तुटून पडले होते आणि मी गप्प होतो. ते चुकलेच. पण मागच्या सीटवर कोण बसलं होतं, हे कुणी फारसं विचारलं नाही.

आता सेरेंगेटीकडं येतो. २०२५च्या जुलैत तिथल्या उत्तर टोकाला, कोगाटेंडे भागात, मारा नदीच्या काठावर हेच झालं. नदीकाठी गाड्यांची रांग, पर्यटक गाडीतून उतरून थेट काठावर मोबाईल घेऊन उभे, आणि नदीतून वर येऊ पाहणाऱ्या कळपाची वाटच अडलेली. तो व्हिडिओ जगभर फिरला, तिथल्या उद्यान प्रशासनाला दखल घ्यावी लागली. खरं तर गाडीतून उतरायला तिथंही बंदीच आहे. हा कळप काठावर तासन् तास घुटमळतो. पुढचा उतरला तरच मागचे उतरतात. त्यात समोर गाड्या आल्या की तो माघारी फिरतो, नाहीतर जिथं काठ उभा कडा आहे तिथून उड्या टाकतो. टूरवाल्यानं आपल्याला "पक्कं" म्हणून विकलेली गोष्ट ती हीच. जनावराच्या मनात काय आहे हे अरुषातल्या ऑफिसात बसून कुणाला कळणार?

माझं म्हणणं भिशीत कुणाला पटत नाहीये, म्हणून इथं मांडतो. गर्दी नदीकाठावर तयार होत नाही, ती आपण बुकिंग करताना तयार करतो. महिना कोणता आणि ड्रायव्हरला पहिल्या दिवशी काय सांगायचं, हे ठरलं की निम्मा निकाल लागलेला असतो.

महिन्याचं बघा. सेरेंगेटी १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. आपला ताडोबा-अंधारी प्रकल्प कोअर-बफर धरून सतराशेच्या घरात, म्हणजे साडेआठ ताडोबा मावतील. एवढ्या मैदानात कळप कुठं ना कुठं असतोच, बाराही महिने. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीत तो दक्षिणेला एन्डुटूच्या बाजूला असतो. तिथली जमीन जुन्या ज्वालामुखींच्या राखेची, गवत आखूड पण कसदार, म्हणून माद्या तिथंच वितात. दोन-तीन आठवड्यांत काही लाख पिल्लं. जन्मल्यावर काही मिनिटांत पिल्लू उभं राहतं, कारण आजूबाजूला सिंह, तरस आणि चित्ते असतात. एक नदी आणि एक काठ नसल्यामुळे गाड्या मैदानभर पांगतात. मला विचाराल तर पाहायची वेळ ही.

डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे. त्यांची मुलगी बारावीला, फेब्रुवारीत परीक्षा. मग मेअखेर ते जून घ्या. मोठा पाऊस सरत आलेला असतो, कळप पश्चिमेला ग्रुमेटी नदीकडं सरकतो. गवत उंच असल्यानं बिबट्या-सिंह शोधायला वेळ लागतो, हे खरं. लागू द्या ना. आपल्याकडं सफारी म्हणजे सकाळची किंवा दुपारची ठरावीक वेळ, संपली की बाहेर. तिथं एकच गाडी आणि एकच ड्रायव्हर-गाईड सगळ्या दिवसांसाठी तुमचा, आणि उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत आत राहता येतं. घाई करायचं कारणच नाही. ती सवय आपण इथून सोबत नेतो.

दुसरी गडबड नकाशाची. "सेरेंगेटी आणि मसाई मारा दोन्ही, सहा दिवसांत" असं पॅकेज मास्तरांनी आणलं. नकाशावर दोन्ही एकमेकांना चिकटून आहेत, पण मधली सीमा पर्यटकांसाठी १९७७पासून बंद आहे. लांबून वळसा घालून जावं लागतं, एक अख्खा दिवस गाडीत. अरुषाहून सेरेंगेटीच्या मध्यावर सेरोनेराला पोचायलाच सात-आठ तास. तिथून उत्तरेचा काठ आणखी चार-पाच तास. सहा दिवसांतले तीन खिडकीतून धूळ बघण्यात गेले की चौथ्या दिवशी माणूस ड्रायव्हरवर ओरडणारच. मी ओरडलो होतो तसा.

पैशाचं थोडक्यात. परदेशी प्रौढाला हंगामात सेरेंगेटीची फी दिवसाला ७० डॉलर, वर १८ टक्के कर. गोरोंगोरोची फी वेगळी, आणि एन्डुटूचा बराचसा भाग त्यांच्याच हद्दीत येतो, म्हणून "कुठली फी किती दिवसांची धरली?" हे लेखी घ्या. नैरोबीमार्गे जाणार असाल तर यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रावर, निदान दहा दिवस आधी. आणि वहिनींना सांगा, चिवडा डब्यात भरा. टांझानियात २०१९पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, पर्यटकांनाही. (वाघ दिसेल का, असं कृषी केंद्रवाल्यांनी गंभीरपणे विचारलंय. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतो, भाऊ. त्यासाठी घरीच राहा.)

आणि ड्रायव्हरचं. टीपवर त्यांचं बरंच घर चालतं. गिऱ्हाईक खूश तर टीप चांगली, म्हणून रेडिओवर एकानं सिंह सांगितला की सगळ्या गाड्या तिकडं पळतात. मी तिघांना सुचवलंय की टीप किती ते पहिल्याच सकाळी त्याला सांगून टाकायची. काही दिसलं तरी तेवढी, नाही दिसलं तरी तेवढी. आणि सांगायचं की आम्ही "पुढं घे" म्हटलं तरी घेऊ नकोस. यावर कृषी केंद्रवाले म्हणाले, "पाच वर्षं पैसे भरून आपण त्याला आपलं ऐकू नको म्हणून सांगायचं?"

हो. तेच म्हणतोय मी.

येत्या रविवारी मतदान आहे. आत्ता तरी तीन विरुद्ध एक अशी स्थिती आहे, पण डॉक्टरांच्या सौ. माझ्या बाजूला आल्यात असं कळतंय. फेब्रुवारीत किंवा जूनमध्ये तिकडं जाऊन आलेलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर शनिवारपर्यंत कळवा. फोटो असतील तर फारच बरं, मास्तरांना दाखवायचेत.