बारला दुसरे दार हवे

२०१५च्या एप्रिलपासून चंद्रपूर जिल्ह्यात असलेली दारूबंदी मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी उठवली. बंदीच्या काळातही वर्धा नदी ओलांडली की याच जिल्ह्यातल्या, कोळसा खाणींच्या घुग्घुसमधील लोकांना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे बार खुले होतेच. आता महानगरी लाउंजची हौस लहान शहरांतही उतरली आहे. काळ्या काचा, निळे दिवे, पीओपीचे छत, चहूबाजूंनी बंद एसी हॉल. आम्हाला धास्ती वाटते ती याच सजावटीची. मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबना २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली, १४ जीव गेले. बाहेरची वाट न सापडल्याने अनेक जण स्वच्छतागृहातच गुदमरले. भूमिगत कोळसा खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा ठेवाव्याच लागतात. मग पाळी संपवून कामगार ज्या हॉलमध्ये बसतो, तिथे एकच दार कसे चालते? दारूबंदीसाठी २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेलेल्या महिलांचा आग्रह सरकारने शेवटी मोडीत काढला. आता निदान परवान्याच्या नूतनीकरणाआधी प्रत्येक बारची अग्निसुरक्षा तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल दर्शनी भागात, मराठीत, तारखेसह लावणे सक्तीचे करावे.