अठरा कोटींचे औषध आणि आपली रक्तचाचणी

परदेशी औषध कंपनीचा ताळेबंद कुटुंबाच्या पानावर कशाला, असे कोणीही विचारील. पण कंपनी सिकलसेलवर उपचार काढणारी असेल, तर तो ताळेबंद आपल्या घरचाच विषय आहे. विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो.

अमेरिकेतील बोस्टन शहरात व्हर्टेक्स ही जैवतंत्रज्ञान कंपनी आहे. स्थापना १९८९ सालची. २०२२ साली तिचे उत्पन्न ८९३ कोटी डॉलर होते, २०२३ साली ९८७ कोटी आणि २०२४ साली ११०२ कोटी. विक्री अशी वाढत असूनही २०२४ चा हिशेब सुमारे ५४ कोटी डॉलर तोट्यात निघाला. कारण त्या वर्षी तिने अल्पाइन ही दुसरी संशोधन कंपनी सुमारे ४९० कोटी डॉलरला विकत घेतली आणि तो बहुतेक खर्च त्याच वर्षाच्या नावे पडला. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाती पैसा दिसत नाही, तसेच हे.

उत्पन्न आले कोठून? एक हजार कोटींहून अधिक डॉलर ट्रायकाफ्टा या एकाच औषधाचे. ते सिस्टिक फायब्रोसिसवरचे. फुप्फुसे निकामी करणारा हा आनुवंशिक आजार मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. त्या कमाईच्या बळावर कंपनीने क्रिस्पर थेरप्युटिक्सच्या जोडीने सिकलसेलवर ‘कॅसजेव्ही’ हा उपचार तयार केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

यात रुग्णाच्याच मूलपेशी काढून त्यांतील जनुकात बदल करतात. मग आईच्या पोटात असताना बनणारे हिमोग्लोबिन शरीर पुन्हा बनवू लागते. मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचे निष्कर्ष हाती होते, त्यांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. मात्र त्याआधी कडक केमोथेरपी सोसावी लागते. आणि अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये! २०२४ च्या उत्पन्नात या उपचाराचा वाटा एक टक्काही नव्हता. शोध लागणे आणि तो रुग्णापर्यंत पोहोचणे, यांत एवढे अंतर आहे.

हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न आपल्याकडेही चालू आहे. दिल्लीच्या सरकारी जनुकशास्त्र संस्थेने असाच उपचार विकसित करून २०२५ साली त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिले. तो खेड्यापाड्यांतल्या रुग्णापर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागेल.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्त गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून पत्रिका जुळवण्याऐवजी लग्नाआधी रक्त तपासा, आणि मुलीचेच नव्हे, मुलाचेही! वाहक असणे हा दोष नाही, त्याची लाज नको. १८ कोटींचा उपचार आपल्या आवाक्यात येईल तेव्हा येईल. ही चाचणी मात्र आजच करून घेता येते.