धर्मावर बोलायचे कसे, हे कॉलेजात कोण शिकवणार?

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील मजकुरावरून जमावाने मशिदीवर हल्ला केला. एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातील इंटरनेट बंद करावे लागले. काही दिवसांनी ते सुरू झाले. पण मोबाईलवर आलेला धर्माविषयीचा मजकूर कसा तपासायचा, हे आपल्या तरुणांना आजही कोणी शिकवत नाही.

पुसेसावळी ज्या खटाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कटगुण हे महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त जोतीरावांनी एक कुटुंब कल्पिले: आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. प्रत्येकाने ग्रंथ वाचावा, पटल्यास धर्म स्वीकारावा आणि एकमेकांचा द्वेष न करता राहावे. आधी वाचन, मग मत. आज नेमके उलटे चालले आहे.

‘कॉलेजात धर्म नको’ असे प्राध्यापक म्हणतात, तेव्हा ते संविधानाच्या कलम २८ कडे बोट दाखवतात. पण पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत हे कलम धार्मिक शिक्षणाला मनाई करते, धर्मांच्या अभ्यासाला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केला आहे. वर्गात चर्चा झाली नाही, तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर होते आणि तिथे प्रश्नाला जागा नसते.

आपल्या मुलामुलींची अडचण वेगळी आहे. मित्राने ‘तुम्ही देव का मानत नाही?’ असे विचारले की काही जण गप्प बसतात, तर काही जण थेट त्याच्या देवाची टिंगल करतात. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या विषमतेच्या व्यवस्थेतून बाहेर पडण्यासाठी. शेजाऱ्याला हिणवण्यासाठी नव्हे. त्यांची कारणे ठामपणे सांगता आली पाहिजेत. नम्र राहणे म्हणजे जातीवरची टीका गिळणे नव्हे.

त्यासाठी आम्ही तीन प्रश्न सुचवतो. ग्रंथ काय सांगतो? माणसे प्रत्यक्षात काय करतात? आणि त्यातून कोणाचे भले, कोणाचे नुकसान होते? तिसरा प्रश्न तथागतांनी केसपुत्तच्या कालामांपुढे ठेवलेला आहे. तो धम्मालाही लावायचा.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बालभीमरावांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. यंदा अभिवादनानंतर लगेच पांगू नका. विहारात किंवा कॉलेजात, वेगळ्या धर्माच्या मित्रमैत्रिणींना सोबत घेऊन, या तीन प्रश्नांवर तासभर बसा.

जय भीम!