वाक्य फोडायला तासिका हवी

शारजा, दुबई, अबूधाबी इथल्या सीबीएसई शाळांतून आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार आहे. फळ्यावर एक वाक्य घेऊन त्याचे सावकाश पृथक्करण केले, की पाठनिरीक्षणाच्या अहवालात 'शिक्षककेंद्रित' असा शेरा येतो.

एका शिक्षिकेने नववीला 'द क्वालिटी ऑफ द डेट्स वॉज पुअर' हे वाक्य क्रियापद गाळून दिले. बऱ्याच मुलांनी 'वेअर' लिहिले. मग तिने उद्देश्य विचारले, 'ऑफ द डेट्स' हा विस्तार आहे हे मुलांकडूनच काढून घेतले आणि चूक मुलांनीच सुधारली. शेरा मात्र असा: गटकार्य नाही, तीन स्तरांच्या वर्कशीट नाहीत, एक्झिट तिकीट नाही. मुलांना काय कळले, याबद्दल अहवालात एक ओळही नाही!

शाळा निरीक्षणाच्या चौकटीकडे बोट दाखवतात. अमिरातीची २०१५-१६ ची ती चौकट आम्ही वाचली आहे. अध्यापनाच्या निकषांत प्रश्नोत्तरे, संवाद आणि चिकित्सक विचार यांना तिथे स्पष्ट स्थान आहे. 'हा शब्द कोणाबद्दल सांगतो?' असे विचारत वाक्य उलगडणे याहून वेगळे काय आहे? दुबईत फीवाढीची मुभा शाळेच्या श्रेणीशी जोडली गेली, तेव्हापासून व्यवस्थापनांनी चौकटीतले हेतू सोडून तिच्या सावल्या पकडल्या आहेत. पर्यवेक्षकांनी मूळ दस्तऐवज एकदा वाचावा.

दहावीच्या इंग्रजीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत व्याकरणाला १० गुण आहेत, म्हणून हा विषय दुय्यम ठरवला जातो. पण अमिरातीतल्या वर्गाची अडचण गुणांपलीकडची आहे. 'मुलीने आंबे खाल्ले' म्हणणाऱ्या मराठी मुलाचे क्रियापद कर्माप्रमाणे चालते, हिंदीतही तेच. मल्याळममध्ये क्रियापद कर्त्याच्या वचनाप्रमाणे बदलत नाही. शाळेत सक्तीने शिकवल्या जाणाऱ्या प्रमाण अरबीत क्रियापद आधी आले, तर अनेकवचनी कर्त्यापुढेही ते एकवचनीच राहते. एकाच बाकावर या सगळ्या सवयी शेजारी बसतात. तिथे 'कानाला बरे लागते ते लिहा' हा सल्ला निरुपयोगी आहे. शेजारच्या वर्गात अरबीचे शिक्षक इअराब करून घेतात, शब्दाशब्दाचे कार्य सांगायला लावतात. त्यांना कोणी कालबाह्य म्हणत नाही.

आमच्या काही सभासदांनाही सुनावले पाहिजे. संकेतस्थळावरून उतरवलेल्या गाळलेल्या जागा वाटायच्या, उत्तरे वाचून दाखवायची आणि 'व्याकरण झाले' अशी नोंद करायची, हे अध्यापन नव्हे. मुलाने 'हॅज' का लिहिले हे त्याला सांगता येत नसेल, तर बरोबर उत्तरही निव्वळ योगायोग आहे.

क्रम कायम ठेवा. आधी काळदर्शक क्रियापद, मग त्याचे उद्देश्य, मग कर्म किंवा पूरक, विस्तार शेवटी. मिश्र वाक्यात जितकी काळदर्शक क्रियापदे तितकी उपवाक्ये; ती मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. रोज एकच वाक्य घ्या, पण ते पूर्ण फोडा.

एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू होईल. त्याआधी आपल्या वर्गात फसलेले एक वाक्य, मुलांची चुकीची उत्तरे आणि तुम्ही विचारलेले प्रश्न त्याच क्रमाने लिहून आमच्याकडे पाठवा. मुलाचे आणि शाळेचे नाव नको. आलेली वाक्ये आम्ही छापू आणि तो अंक पर्यवेक्षकांच्या हाती तुम्हीच द्यायचा आहे.